उलट्या तिफणीचे मामा

कोणीही भेटलं की मामा आधी विचारायचे, "काय दिसतंय?" ख्यालीखुशाली नंतर. एकदा आमच्या टेंभुर्णीत मयतीला आलेल्या पाहुण्याला त्यांनी तिरडीकडे बोट दाखवून हाच प्रश्न केला, आणि वरून म्हणाले, "घाई न्हाई. सावकाश बघा."

ते माझे सख्खे मामा. पण सारं गाव त्यांना मामाच म्हणे. निजामाच्या अमलात ते हैदराबादला चित्रकला शिकून आले. आता देवळाच्या भिंतीवर हत्ती आणि गरुड येतील, असं गावाला वाटलं. मामांनी उकिरड्यावरची पेरणीची मोडकी तिफण उचलली आणि चावडीसमोरच्या पारावर उलटी रोवली, तिन्ही फण आभाळाकडे. म्हणाले, "हे माझं चित्र."

मग रोज संध्याकाळी वाद. कोणाला तिच्यात त्रिशूळ दिसे, कोणाला पाय वर करून मेलेली शेळी. किसन सुतार मात्र एकच सांगे, "मामा, मोडकी तिफण दिसून राह्यली. म्याच केल्ती."

"बराबर. मंग चांगली होती तवा एवढा वेळ बघितल्ती का?"

"बिलकुल न्हाई."

"मंग चित्र झालं का न्हाई?"

"एवढी आवडती तर देव्हाऱ्यात बसवा!" असं फणकारून किसन उठे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. मामांचा सारा जीव त्या वादात होता. "तारीफ नको, भांडा. पण बघून भांडा," असं ते म्हणत.

फाल्गुन लागला तसं पाटलांनी बजावलं, "पारावरचं लाकूड जल्दी उचला. पोरांनी होळीत टाकलं तर मंग माझ्याकडं येऊ नका." होळीला उघड्यावरचं लाकूड कोणाचंच नसतं. मामांचं जेवण सुटलं, पण तिफण हलवायला ते तयार होईनात. "चित्र घरात नेलं तर बघणार कोण?"

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. होळीच्या आदल्या दुपारी सारं गाव खळ्यावर असताना मी तेलात शेंदूर कालवला आणि तिन्ही फणांना फासला. शेंदूर लागलेलं लाकूड जाळायची कोणाची छाती होती!

तिफण वाचली. दुसऱ्या दिवशी खुद्द पाटलांनी तिच्यापुढे नारळ फोडला. मामा धावत आले. पाटलीणबाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

"मामा, देवाला असं इचारत न्हाईत."

मामांची नजर गर्दीत फिरली आणि किसनच्या हातावर थांबली. त्याची बोटं कायम लाल. लाकडावर रेघ मारायची दोरी तो गेरूत भिजवायचा.

"देव्हाऱ्यात बसवा म्हणून तूच म्हणाल्ता ना?"

किसननं पंजा पुढे केला. "मामा, नीट बघा. काय दिसतंय?"

"शेंदूर," मामा न बघताच म्हणाले.

गेरू कुठला आणि शेंदूर कुठला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मागे उभा होतो, हात धोतराच्या सोग्यात लपवून.

त्याच आठवड्यात मामा हैदराबादला परत निघाले. बैलगाडीत बसताना मला म्हणाले, "जाळली असती तर बरं झालं असतं रे. जळताना तरी लोकांनी बघितली असती." ते पुन्हा आले नाहीत. गाव किसनला देव प्रकट करणारा म्हणून मान देऊ लागलं. "म्या न्हाई लावला," असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. लोकांनी तो त्याचा विनय मानला.

आता तिथे देऊळ आहे. शेंदराची पुटं इतकी चढली आहेत की आत तिफण आहे हे सांगूनही पटत नाही. मी जातो आणि नुसता बघत उभा राहतो. पुजारी म्हणतो, "आजोबा, डोळे मिटा की."

मी मिटत नाही. तो शेंदूर किसनचा नव्हता, माझा होता.