आधी डबा, मग खाच

आमच्या रविवारच्या सुतारकामाच्या क्लासमध्ये वस्तू कमी आणि किस्से जास्त तयार होतात. भुसा निदान संध्याकाळी झाडून टाकता येतो. किस्से साचतच जातात. सुरुवात स्वतःपासूनच करते, कारण सगळ्यात मोठा मूर्खपणा माझाच आहे.

मी सरकत्या झाकणाचा लाकडी डबा केला. चारही बाजू, तळ, सगळं गमने चिकटवून आठवडाभर क्लॅम्प लावून ठेवलं. पुढच्या रविवारी झाकण हातात घेतलं आणि मग प्रश्न पडला, हे सरकणार कशात? अशा डब्याला आतून तीन बाजूंना खाच लागते, चौथी बाजू जरा बुटकी ठेवतात, तिथून झाकण आत शिरतं. खाच फळ्या सुट्या असतानाच मारायची असते. मी मारलीच नव्हती.

आम्हाला शिकवणाऱ्या मेस्त्रींनी डबा फिरवून फिरवून बघितला. "डबा फस्क्लास झालाय म्याडम. झाकण शोकेसमध्ये ठेवा."

*

डबा बाबांसाठी होता. बाबा डिलाईल रोडच्या चाळीत राहतात, मिलच्या सुतारखात्यातून रिटायर झाले. रोज संध्याकाळी गॅलरीत कॅरम. सोंगट्या श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात.

लहानपणी त्यांनी मला लाकूड कोरायच्या पटाशीला हात लावू दिला नाही. भावाला दिली, मला म्हणाले, "तुका नको गो, बोट जायत." भाऊ आता इन्शुरन्स विकतो. मी सेहेचाळिसाव्या वर्षी परळच्या एका गाळ्यात फी भरून पटाशी धरायला शिकतेय. बाबांनी माझ्या डब्यात सोंगट्या ठेवाव्यात, बस, एवढंच हवं होतं.

*

मी क्लासमध्ये तोंड पाडून बसले तेव्हा नंदिनी म्हणाली, "अगं, माझं बघ ना!" नंदिनी ठाकूरद्वारची, बँकेत ऑफिसर. तिने वेगळी पद्धत घेतली होती. डबा सहाही बाजूंनी बंद करायचा आणि मग वरचा भाग करवतीने कापून झाकण करायचं. सोपं. फक्त तिचा डबा हलवला की आत काहीतरी खडखडत होतं.

मेस्त्रींनी डबा कानाशी धरला. "माझी स्टीलची पट्टी. महिनाभर शोधतोय."

नंदिनीने करवत उचलली.

"म्याडम, जरा सांभाळून. पट्टी माझी आहे, करवतपण माझीच आहे."

*

मी विचारलं, "मेस्त्री, राऊटर मशीनने आतून खाच मारता येईल ना?"

"येईल की. पण हाताने तुम्ही चूक करायला अर्धा तास घेता. मशीन तीन सेकंदांत करून देईल."

मग त्यांनी मला एक जुगाड करून दिला. लाकडाचा ठोकळा, त्याला बाजूने हॅक्सॉ करवतीच्या ब्लेडचा आडवा तुकडा. ठोकळा डब्याच्या काठावर टेकवायचा आणि पुढेमागे सरकवायचा. ब्लेड आतून काठाच्या खाली सरळ रेघ कापत जातं. अशा दोन रेघा कापायच्या, मधलं लाकूड पटाशीने काढायचं. कोपऱ्यात मात्र ठोकळा अडतो. तिथे नुसती पटाशी आणि देव.

मेस्त्री बजावून गेले, काठाच्या फार जवळ जाऊ नका. मी गेले. खाचेच्या वरची काठाची चिंचोळी पट्टी टक्कन उडाली.

आता काय? सगळा काठ रंधा मारून खाली आणायचा आणि नवी खाच आणखी खाली मारायची.

"डबा बुटका होईल हो," मी म्हटलं.

मेस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालतंय की. तुमचं कुठे काय अडलं?"

*

डबा घरी आणून कोपरे केले. लालबागला आमच्या डायनिंग टेबलवर रोज ऑफिसमधून आल्यावर तासभर कुरकुर, कुरकुर. चौथ्या दिवशी खालच्या सावंतकाकी पिंजरा घेऊन आल्या. "तुमच्याकडे मोठा उंदीर झालाय. आम्हाला खाली ऐकू येतो."

खरं सांगायला लाज वाटली. थँक यू म्हणून पिंजरा ठेवून घेतला.

नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "त्यात कांदाभजी लाव. दोन मिनिटांत आत जाशील."

*

शेवटी झाकण सरकलं. रविवारी डबा घेऊन बाबांकडे गेले. गॅलरीत कॅरम मांडलेला होता.

बाबांनी चष्मा लावला. झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग करंगळी आतल्या खाचेतून हळूहळू फिरवत नेली आणि कोपऱ्यात थांबवली. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं.

श्रीखंडाचा डबा बोर्डवर उपडा केला. सोंगट्या आणि स्ट्रायकर बाहेर पडले. सोंगट्या एकेक करून माझ्या डब्यात रचल्या, सगळ्या मावल्या. वर स्ट्रायकर ठेवला आणि झाकण सरकवलं.

झाकण अर्ध्यावर अडलं.

बाबांनी परत ढकलून बघितलं. स्ट्रायकर फिरवून ठेवला. परत अडलं. मी खाली रस्त्याकडे बघत उभी राहिले.

"बाबा, काठ उडाला होता माझा, म्हणून खाच खाली घ्यावी लागली. त्यात तेवढी उंची गेली."

बाबांनी स्ट्रायकर काढून शर्टाच्या खिशात टाकला, झाकण पूर्ण सरकवलं आणि म्हणाले, "स्ट्रायकर कोण डब्यात ठेवता गो?"