मार्केट पडलं आणि आम्ही शांत राहिलो

मार्केट वर जात असतं तेव्हा कुणाकडेच सांगण्यासारखं काही नसतं. नुसते टक्के असतात, आणि दुसऱ्याचे टक्के ऐकण्यात कुणाला मजा येते? पण ते पडायला लागलं की किस्से असे साचतात, जसे खुर्चीवर घडी न केलेले कपडे. एक ओढावा तर चार खाली!

आमचे साचले ते मानपाड्याच्या एका कराटे क्लासबाहेर. आत पोरं 'हू! हा!' करत असतात आणि बाहेर बाकावर आम्ही तिघी आया. शिल्पा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. वर्क फ्रॉम होमचे दिवस तिने बरोबर क्लासचेच मागून घेतलेत. फिलोमिनाचं माहेर उत्तनचं, घरची मासेमारीची होडी आहे. इथे ती केक करून विकते. आणि तिसरी मी. एम.एस्सी. झालेली, ईरा झाल्यावर लॅबमधली नोकरी सोडलेली, आणि पोरीला शिंक आली तरी गूगल करत करत न्यूमोनियापर्यंत पोचणारी!

शिल्पाच्या नादाने आम्ही दोघींनी म्युच्युअल फंडात पैसे घातले. माझे म्हणजे नोकरीत साठवलेले, होते नव्हते ते सगळे. ॲपमध्ये मी त्याला 'ईराचं कॉलेज' असं नावही दिलंय. आता ईराचं कॉलेज रोज थोडं थोडं खाली जायला लागलं. विकू की थांबू, हा एकच प्रश्न कुकरच्या शिट्यांमध्येसुद्धा ऐकू यायचा.

\*

"बघायचंच नाही," शिल्पाने पहिल्याच दिवशी सांगितलं. "आपण लाँग टर्मवाल्या आहोत. मी तर चार दिवसांत ॲप उघडलेलं नाही."

आम्ही भारावून तिच्याकडे बघत होतो, तेवढ्यात तिचा अद्वैत पाणी प्यायला बाहेर आला.

"आई, तुझं ॲप आज पण लाल आहे का गं?"

\*

दुसऱ्या आठवड्यात शिल्पाने नवीन मुद्दा आणला. "अगं, सेल लागलाय सेल! सगळं स्वस्त झालंय. उलट आत्ता जास्त घ्यायचं."

फिलोमिना विचारात पडली. "आमच्याकडे संध्याकाळी पापलेट स्वस्त झालं ना, की आम्ही आधी कल्ले उघडून बघतो."

 मी घरी जाईपर्यंत हाच विचार करत होते, की फंडाचे कल्ले नक्की असतात कुठे?

\*

माझा नवरा निखिल तसा धीराचा माणूस. म्हणाला, "मधुरा, पॅनिक व्हायचं नाही. हा तोटा फक्त कागदावर आहे. जोपर्यंत विकत नाही तोपर्यंत तो खरा नाही."

"म्हणजे मागच्या वर्षीचा नफाही खरा नव्हता?"

"टेक्निकली, नाही."

"मग त्याच्या जोरावर घेतलेला सोफा?"

निखिलने त्या सोफ्यावर एकदा नीट बसून बघितलं. म्हणाला, "सोफा खरा आहे."

\*

सासूबाईंचा शेअर बाजारावर कधीच विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास सोन्यावर. त्यामुळे आता काय काय ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होते. पण त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. अगदी सुसंस्कृत शांतता!

फक्त त्या दिवशी लॉकरमधून आणलेल्या पाटल्या घालून भाकऱ्या थापायला बसल्या.

चार भाकऱ्यांना एवढा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

\*

कराटेचे सर मुलांना नेहमी सांगतात, "मन स्थिर! समोर काहीही होवो, चेहऱ्यावर दिसता कामा नये!"

एका गुरुवारी त्यांनी मुलांना गुडघे वाकवून, मुठी पुढे धरून उभं केलं, आणि स्वतः हळूच बाहेर आले. "शिल्पा मॅडम, एक विचारू? ते स्मॉल कॅप फंडाचं... ठेवू की काढू?"

मॅडमनी बऱ्यापैकी लांबलचक उत्तर दिलं. सरांचे पुढचे प्रश्नही बरेच होते.

घरी जाताना ईराला चालवेना. म्हणाली, "आई, आज सरांनी सहनशक्ती शिकवली."

\*

मग शिल्पानेच आयडिया काढली. बाकावर बसूनच आम्ही आपापले फोन एकमेकींच्या हातात दिले आणि ॲपचे पिन बदलले. माझा पिन शिल्पाने टाकला, शिल्पाचा फिलोमिनाने, फिलोमिनाचा मी. विकायचं असेल तर जिच्याकडे पिन आहे तिला फोन करायचा आणि तोंडाने कारण सांगायचं. 'फरगॉट पिन' दाबायचं नाही, पोरांची शपथ!

दुसऱ्याच दिवशी फिलोमिनाचा फोन. "मधुरा, पिन दे ना. विकत नाही गं, नुसतं बघायचंय."

"बघून काय करणार?"

"अगं बाई, मेलेल्याचंही शेवटचं तोंड बघू देतात!"

मी नाही दिला. आणि तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

\*

तो अभिमान पुढच्या मंगळवारपर्यंत टिकला. त्या दिवशी मार्केट असं कोसळलं, की टीव्हीवरचा नेहमी ओरडणारा माणूससुद्धा हळू बोलायला लागला. मी ठरवलं, बास! जे उरलंय ते काढायचं. निदान फर्स्ट इयरची फी तरी निघेल. पण आजचा भाव हवा तर तीनच्या आत विकायला हवं होतं, आणि अडीच वाजून गेले होते.

शिल्पाला फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. कारणही तयार होतं: घरात अडचण आहे. कसली, ते बोलता बोलता सुचलं असतं!

मध्येच स्क्रीनवर फिलोमिनाचं नाव आलं. मी कट केला. हिला पिन देत बसले तर माझं राहून जायचं! ती परत. मी परत कट. शिल्पा अजून बिझी. एवढा वेळ ही बाई बोलतेय तरी कुणाशी?

तीन वाजले. आता विकलं तर उद्याचा भाव, आणि उद्याचं कुणाला माहीत! मी फोन सोफ्यावर टाकला आणि ईराचा कराटेचा पट्टा शोधायला लागले.

संध्याकाळी आम्ही तिघी बाकावर. आतून 'हू! हा!' 

फिलोमिनाने शिल्पाला विचारलं, "दुपारी तुझे एवढे मिस्ड कॉल गं? मी दुसऱ्या फोनवर होते."

"काही नाही, सहजच," शिल्पा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू कशाला करत होतीस मला?"

"सहजच गं! आणि फिलोमिना, तू मला?"

"मी पण सहजच."

 मग शिल्पाने पर्समधून राजगिऱ्याच्या चिक्कीचं पाकीट काढलं, तिघींना एक एक तुकडा दिला, आणि ताठ बसत म्हणाली,

"बघितलंत? आज एवढं मार्केट पडलं, पण आपल्यापैकी एकीने तरी विकलं का? याला म्हणतात डिसिप्लिन!"