ताटली पुढे जायची

मार्थाआत्या गेल्या तेव्हा मी कापूरहोळला एका साखरपुड्याचं शूटिंग करत होतो. चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला, आत्या गेल्या, शांतपणे गेल्या. कॅमेरा तसाच चालू ठेवून मी मंडपामागे जाऊन बसलो. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. भोरात आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एक, एवढंच नातं. शांतपणे गेल्या हे ऐकून बाकीच्यांना बरं वाटलं असेल. मला भीती वाटली, कारण ती शांती मी दिली होती आणि ती खोटी होती. त्याला आता सहा आठवडे झाले.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मागे एकुलता एक दावीद, टेम्पो चालवायचा. एका संध्याकाळी तो हिर्डोशीकडून परतला आणि दारातच टेम्पोचं तोंड धुवायला लागला. त्याच्या हातून टेम्पो धुतलेला आम्ही जन्मात पाहिला नव्हता. आत्यांनी विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं. एसटी चुकली म्हणून पायी निघालेला एक म्हातारा टेम्पोखाली आला होता आणि हा थांबला नव्हता. पाहिलं कुणीच नव्हतं. आत्यांनी प्रार्थना केली, चपला घातल्या आणि लेकाला धरून पोलीस ठाण्यात नेलं. म्हातारा वाचला नाही, दावीदला शिक्षा झाली. सुटल्यावर तो साताऱ्याला गॅरेजात लागला. पुन्हा भोरला आला नाही, की आईचा फोन उचलला नाही. गावातले निम्मे म्हणायचे, बाई देवमाणूस. निम्मे म्हणायचे, ही कसली आई. मी दोन्हीकडे मान डोलवायचो.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकावरून हातोहात फिरते. ज्याच्या मनात आपल्याविषयी राग आहे त्याच्याशी आधी समेट करायचा, मगच ती भाकर घ्यायची, अशी शिकवण. ऐकतात सगळे, आणि भाऊबंदकीचे दावे चालू ठेवून भाकरही खातात. आत्यांनी मात्र ती शिकवण शब्दशः धरली. वर्षानुवर्षं ताटली आली की त्या ती न घेताच पुढे द्यायच्या. पाळकसाहेबांनी समजावलं, तुम्ही खरं वागलात, तुमचा काय दोष? आत्या म्हणाल्या, "दोष कुनाचा, हे कुठं इचारलंय त्यात? लेकाच्या मनात माझा राग हाय, एवढं खरं. पुन्ना तशी येळ आली तर पुन्ना नेईन त्याला. पन राग हाय."

तीन वर्षांपूर्वी चर्चच्या तरुण मंडळानं एक कौटुंबिक सिनेमा करायचं ठरवलं. लग्नाची शूटिंगं करून स्वतःला दिग्दर्शक समजणारा मी; मी आत्यांचीच गोष्ट उचलली. नावं बदलली, बस. त्यांना विचारलंही नाही. शेवट मात्र गोड केला. लेक परत येतो आणि मायलेक शेजारी बसून भाकर घेतात. नाताळात चर्चमध्ये पडदा लावून दाखवला, बायाबापड्या ढसाढसा रडल्या, माझी कॉलर ताठ. आत्या शेवटच्या बाकावर होत्या. संपल्यावर म्हणाल्या, की चांगला झालाय, पण शेवट तेवढा काप, ते झालेलं नाही. मी हो म्हणालो आणि कापला नाही. लोकांना शेवटच तर आवडला होता...

या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. पोटातलं दुखणं काय आहे हे डॉक्टरांच्या आधी त्यांनीच ओळखलं होतं. मग एकच धोशा, एकदा भाकर घेऊन जायचंय. मी दावीदला फोन लावून लावून थकलो. शेवटी पाळकसाहेब ताटली घेऊन घरी यायचे होते त्या दुपारी मी त्यांच्याआधी आत गेलो आणि सांगितलं, "आत्या, दावीदचा फोन आलता. राग न्हाई म्हनला."

आत्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुझ्या पिक्चरवानी तर न्हाई ना सांगत?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी भाकर घेतली. तो एवढासा तुकडा गिळताना फार त्रास झाला, पण तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून झोपू देत नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

दावीद मातीला आला. घर आवरायला राहिला. फोन दिसत होते, उचलायचा धीर झाला नाही, म्हणाला. मग मीही माझं पाप त्याच्यापुढे ओतलं आणि वर विचारलं, की तू तेच बोलला असतास ना? मला त्याच्याकडून माफी हवी होती, दुसरं काय.

तो आईच्या खाटेवर बसला. "आदी भांडलो असतो," म्हणाला. "मग काय बोललो असतो, मला म्हाईत न्हाई. आता कदी कळायचं बी न्हाई."

परवा पहिला रविवार होता. दावीद शेवटच्या बाकावर येऊन माझ्याशेजारी बसला. ताटली आली. त्यानं ती थोडा वेळ धरली आणि काही न घेता माझ्याकडे दिली. मलाही हात घालवेना. पुढे द्यायला वळलो, तर माझ्या पलीकडे आत्यांची रिकामी जागा होती. ताटली माझ्या हातातच राहिली.