अडकलेली सुई
मोबाईलवर बाबांचं लाडकं जुनं स्विंग जॅझ लावलं, की ट्रम्पेटच्या एका वळणावर माझा श्वास अजून अडकतो. बाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत होते. तिथे जुने बॉम्ब ठरलेल्या वेळी फोडत, त्याची आम्हाला सवय होती. मी लहान असताना एका दुपारी मात्र, घरी रेकॉर्ड प्लेअरवर हेच गाणं चालू असताना, अवेळीच धमाका झाला. भांडी खणखणली, सुई उडाली, तबकडीवर ओरखडा पडला आणि ट्रम्पेट तेच चार सूर पुन्हा पुन्हा काढू लागला. मी सुई उचलायला उठले, तर आई पांढरीफटक. "हात नोको लावू त्याले. तुया बाबाले येऊ दे." तासभर आम्ही तेच ऐकत बसलो. मग अंगणात सायकलची घंटी वाजली. "आज फोडायची वेळ बदललीती," बाबा म्हणाले, "पण सुई काऊन नाई उचलली?" मोबाईलमध्ये ओरखडा नाही. चार सूर एकदाच वाजतात, गाणं पुढे जातं, आणि मी दाराकडे बघत मागेच राहते.