रुखवतात गेलेली निळी

आमच्या घरी फुलदाण्या भरपूर आहेत आणि फूल एकही नाही. पाहुणे गुच्छ घेऊन आले की मी तो तांब्यात ठेवते. समोर कपाटभर फुलदाण्या रिकाम्या उभ्या असताना गुच्छ तांब्यात का, हे पाहुण्यांना कळत नाही, आणि नवरा ते समजावून सांगायची एकही संधी सोडत नाही. "त्या बघायच्या आहेत," तो सांगतो. "वापरायला मी आहे."

या फुलदाण्या युरोपातल्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या. काही चिनी मातीच्या, काही काचेच्या. मला असला नाद लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आम्ही मूळचे अकोल्याचे, घरात शोभेची वस्तू म्हणजे टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल. पुढे हिंजवडीत नोकरी लागली. परदेशातून येणाऱ्या इंजिनियरांची राहण्याची सोय बघणं हे माझं काम. त्यांना घर शोधून द्यायचं, गॅस, पाणी, बाई लावून द्यायची, आणि ते परत निघाले की कुलूप लावून घ्यायचं. महाळुंग्याच्या एका टॉवरमधून निघताना एका जर्मन बाईने माझ्या हातात एक नारिंगी फुलदाणी ठेवली. तिच्या आईच्या घरची होती म्हणे, पण सामानात बसत नव्हती. वरून खाली काळपट खरखरीत ओघळ आलेले. पिठल्याची कढई घासायच्या आधी जशी दिसते, अगदी तशी. मी तोंडभरून आभार मानले आणि घरी आणून फ्रिजवर ठेवून दिली. आठवडाभराने लक्षात आलं, की सकाळी उठल्यावर मी आरशाच्या आधी तिच्याकडे बघते.

मग वाचायला लागले. युद्धानंतर त्या देशांतल्या लोकांना म्हणे काळ्या-करड्याचा कंटाळा आला होता. त्यांना घरात रंग हवा होता, आणि कारखान्यांनी तो ढिगांनी पुरवला. आता नातवंडांना ती अडगळ वाटते. आपण नाही का पितळ मोडीत घालून स्टील आणलं, तसंच. फुलदाणी कुठली हे बहुतेक वेळा तिच्या बुडावर लिहिलेलं असतं: देश, साच्याचा नंबर, कधी उंची. त्यामुळे दिसेल ते भांडं उलटं करून बघायची मला खोड लागली. एकदा नणंदेकडे साखरेचा डबा उलटा केला. साखर त्यात होती.

निळी मला पुण्याच्या जुन्या बाजारात सापडली. एक मिक्सरचं भांडं आणि बंद पडलेला स्टॅबिलायझर यांच्यामध्ये ती बसली होती आणि दुकानदाराने तिच्यात पेचकस खोचून ठेवले होते. बाहेरून पाण्यासारखी स्वच्छ काच, आत खोल निळा थर, वरवंट्याइतकी जड. स्वीडनची आहे हे मी लांबूनच ओळखलं. पण हावरटपणा चेहऱ्यावर दिसला की संपलं. म्हणून मी आधी मिक्सरच्या भांड्यासाठी तावातावाने घासाघीस केली आणि जाता जाता म्हटलं, "आणि ते निळं काय आहे, तेही टाका." मिक्सरचं भांडं आमच्या मिक्सरला बसत नाही. निळी मात्र मी बसच्या सीटवर ठेवली नाही, मांडीवर घेऊन आले. तिच्यावर माझा जीव होता, सरळ सांगते. बाकीच्या आवडायच्या, ही माझी होती.

आता राहतो ते घोटावड्यात, छोट्या रो हाऊसमध्ये. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला वहिनींचा गोठा. या वहिनी आम्हाला दूध घालतात. त्यांची मुलगी पिरंगुटच्या रस्त्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. रविवारी दुधाची किटली घेऊन ती यायची, आणि मी कपाट पुसत असले की बसायची. मला ऐकणारं माणूस घरात मिळत नाही, त्यामुळे ती सापडली की मी सोडत नसे. कुठली कुठल्या देशाची, काचेत बुडबुडे मुद्दाम कसे सोडतात, सगळं सांगायचे. ती फारसं बोलायची नाही. पण नवीन काही आलं की बरोबर त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची.

तिचं लग्न जांब्यात ठरलं. वहिनी एका संध्याकाळी येऊन पायरीवर बसल्या.

"ताई, रुखवताला तुमच्या त्या काचंच्या वस्तू द्याल का? दोनच दिस."

"भाड्याने मिळतं ना हल्ली रुखवत?"

"मिळतंय की. पन त्येच सामान समद्या लग्नात फिरतंय. मांडलं की बाया म्हनत्यात, हा मोर तर आमच्या भाचीच्या लग्नात व्हता."

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. आजवर माझ्याकडे कुणी फुलदाणी मागितली नव्हती. मी नारिंगी दिली, एक बुडबुड्यांची हिरवी दिली. आणि वहिनी उठल्यावर मागून हाक मारून निळीही दिली. नवरा बघतच राहिला.

लग्न लॉन्सवर होतं. रुखवताच्या टेबलावर साखरेचं तुळशी वृंदावन, लोकरीचं तोरण, लाडवांचे आणि चकल्यांचे मनोरे, आणि मधोमध माझ्या तिघी. बायका वाकून वाकून बघत होत्या. मी जवळच घुटमळत होते, कुणी हात लावू नये म्हणून आणि कोण काय म्हणतंय ते ऐकायलाही. नवरीच्या मावशीने माइक घेतला.

"रुखवतात मांडली काच परदेशी,
हात लावाल विहीणबाई, तर गाठ आमच्याशी!"

हशा झाला. मावशीला चेव चढला. "आन हे समदं आमच्या पोरीनं सोता केल्यालं, सोता जमवल्यालं हाय बरं का!" विहीणबाई, म्हणजे मुलाची आई, पुढे झाल्या. त्यांनी निळीकडे बघितलं, मग नवरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लई भारी पोर निवडली आमी." मलाही त्या क्षणी बरं वाटलं.

मग मी जेवायला गेले. मठ्ठा चांगला होता, दुसरा ग्लास घेतला. परत आले तर टेबलावर नुसती चादर आणि अक्षता. मुलाकडच्या पोरांनी रुखवत बांधलं होतं आणि टेम्पो जांब्याच्या वाटेला लागला होता. त्यांचं काय चुकलं? रुखवत नवरीबरोबरच जायचं असतं.

मी मांडवातच आवाज चढवला. "वहिनी, माझी निळी!" नवऱ्याने माझं कोपर धरलं, ते मी झटकलं. वहिनी धावतच आल्या. त्यांनी फोन काढला. "आत्ता लावते फोन. टेम्पो माघारी आनाया सांगते." आणि नंबर लावता लावता त्या थांबल्या. "काय सांगू ओ त्येंला? मागून आनल्यालं व्हतं म्हनून?"

"तसंच सांगा," मी म्हणाले.

"मावशीनं माइकवर सांगितलंय, ताई. पोर पयल्याच दिवशी खोटारडी ठरंल. त्या घरात मग तिचं कोन ऐकनार?"

फोन ठेवा, असं मी म्हणाले खरी. पण ते नुसतं तोंडाने. मनात धुसफूस चालूच होती. घरी आल्यावर कपाटातली रिकामी जागा बघून मी त्या पोरीवर, मावशीवर, मठ्ठा करणाऱ्या आचाऱ्यावर, सगळ्यांवर चिडले.

चार दिवसांनी जांब्यात सत्यनारायण होता. वहिनींबरोबर आम्हालाही बोलावणं होतं. आदल्या दिवशी मी पिरंगुटच्या एका गिफ्टच्या दुकानातून निळी, साधारण तेवढ्याच उंचीची फुलदाणी आणली आणि पिशवीत घातली.

"पूजेच्या दिवशी चोरी?" नवऱ्याने विचारलं.

"चोरी कसली? माझीच आहे."

"मग समोरून माग."

"तू फक्त गाडी चालव."

जांब्यात मुलाकडच्यांची तीन मजली इमारत आहे. वरच्या खोल्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांना भाड्याने दिलेल्या, खाली हे लोक. आत शिरले आणि पहिली नजर शोकेसकडे गेली. हिरवीत प्लास्टिकचे गुलाब, नारिंगीत टीव्हीचा रिमोट, आणि निळीत मोरपिसं. मला फार राग यायला हवा होता. पण मोरपिसं तिला शोभत होती, आणि त्याचाच जास्त राग आला.

शोकेसला कुलूप होतं. अदलाबदलीचा माझा बेत तिथेच पडला.

नवी नवरी प्रसादाचे द्रोण घेऊन आली. मला बघितलं, माझ्या हातातली फुगलेली पिशवी बघितली. प्रसाद देता देता ती खाली वाकून म्हणाली, "काकू, लोकं गेली की मी सासूबायला खरं सांगते. तुमची वस्तू हाय. मला चार दिस झोप न्हाई." सांगू नकोस, हे शब्द ओठांवर आले होते, पण निळी समोर दिसत होती. आणि ती मला हवी होती.

तेवढ्यात मुलाची आत्या शोकेससमोर जाऊन उभी राहिली. लग्नात तिच्या मनासारखा मान झाला नव्हता, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "परदेशी कसल्या ओ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "असल्या पिरंगुटात ढिगानं पडल्यात. लोकं बी काय काय फेकत्यात माइकवर."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. वहिनी हातातला द्रोण तसाच धरून बसल्या होत्या. पोरीने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती, तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर. मला ते स्पष्ट दिसलं.

"पिरंगुटात?" मी म्हणाले.

माझा आवाज किती मोठा होता ते नवरा अजून सांगतो. "पिरंगुटात मिळेल ही? किल्ली आणा." सासूबाईंनी मुकाट्याने कुलूप काढलं. मी निळी बाहेर घेतली, मोरपिसं आत्याबाईंच्या हातात दिली आणि फुलदाणी उलटी केली. "इथे बघा, ही बारीक सही. सुईने कोरावी तशी. हात लावून बघा." आत्याबाईंनी बोट लावलं. मग मी ती खिडकीशी नेली. ऊन होतं. काचेतून निळा डाग पडला तो नेमका पूजेच्या चौरंगावर, आणि दोन-तीन बायका "अगं बाई" म्हणाल्या. त्यानंतर मला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तापलेली काच नळीने कशी फुंकतात, निळ्यावर स्वच्छ काचेचा थर कसा चढवतात, तिघींचे देश कुठले, सगळं सांगितलं. रिमोट नारिंगीत ठेवू नका, हेही सांगितलं. सांगता सांगता एकीकडे मला कळत होतं, की मी जितकं बोलते आहे तितकी निळी माझ्यापासून लांब चालली आहे. पण तिला कुणी पिरंगुटची म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. आणि ती पोर भिंतीला टेकून उभी होती, तेही बघवत नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन ह्या आमच्या सुनंनं जमवल्यात?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"तिच्याच आहेत," मी म्हणाले. "आमच्या भागात असली पारख दुसऱ्या कुणाला नाही. मलाही नाही."

मी खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. ते शब्द तोंडातून गेले आणि तिन्ही फुलदाण्या तिच्या झाल्या.

सासूबाईंनी निळी माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतली आणि जागेवर ठेवली. शोकेस बंद केलं, कुलूप लावलं. किल्ल्यांच्या जुडग्यातून ती छोटी किल्ली सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ती सुनेच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यातलं काडायचं-ठिवायचं तू बगायचं. दुसरं कुनी हात लावायचा न्हाई. मी बी न्हाई." आणि नणंदेकडे वळून, "वन्सं, शिरा घ्या."

निघताना पोरगी फाटकापर्यंत आली. किल्ली तिने कुठे खोचली नव्हती, मुठीतच होती. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हाही मूठ उघडली नाही. "काकू," एवढंच म्हणाली.

"आत जा," मी म्हणाले. "पाहुणे आहेत घरात."

गाडीत बसले आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, लहान मुलासारखं. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. विनोद केला नाही. हळूच विचारलं, "परत जाऊन मागू या का?"

"खबरदार," मी म्हणाले. "तिची आहे ती."