अकराशे मिलिमीटरचं दार

रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून कोंबड्यांचं नवं खुराडं उतरलं. उतरलं म्हणजे... चौघांनी मिळून उतरवलं. ते एवढं उंच असेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, ज्यांनी त्याचं ड्रॉइंग काढलं त्यांना तर मुळीच नाही.

ड्रॉइंग काढणारे माझे सासरे. बाबा इथे भोपाळला एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, सगळी नोकरी बरखेड्यात, कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये गेली. रिटायर झाल्यावर जवळच घर बांधलं आणि परसात कोंबड्या पाळल्या. आधी चार होत्या, आता अकरा आहेत. त्यातली एक पिवळी, महाचिडकी, फक्त बाबांच्याच हातचं खाते. मी दाणे पुढे केले की माझ्या बोटाला चोच मारते.

जुनं खुराडं म्हणजे जाळी ठोकलेलं लाकडी खोकं. दोन महिन्यांपूर्वी बाबा अंडी काढायला त्यात वाकले आणि कंबर अशी धरली की सरळच होता येईना. मी आणि नवऱ्याने त्यांना तसंच, अर्धवट वाकलेल्या अवस्थेत घरात आणलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वाकणं कायमचं बंद केलं.

तेव्हापासून कोंबड्या माझ्याकडे आल्या. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून मला सूचना द्यायचे... मी दाणे टाकते ते चुकीच्या बाजूने, असंही एकदा निघालं. हसू यायचं, पण त्यांच्याकडे बघवायचं नाही. कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकू असं नवरा एकदा बोलून गेला, त्या दिवशी बाबा जेवलेच नाहीत.

मग मोठ्या खुराड्याचं ठरलं आणि माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली आला. आठ दिवस बाबा पुन्हा ड्युटीवर. समोरून, बाजूने, वरून... मुंगूस शिरू नये म्हणून बारीक जाळी, हवा खेळती राहावी म्हणून वर फटी, अकरा कोंबड्यांना बसायला सारख्या उंचीच्या दांड्या. आणि दाराची उंची अकराशे मिलिमीटर. म्हणजे जेमतेम माझ्या छातीपर्यंत.

मी म्हटलं, बाबा, थोडं उंच करा ना, तुम्हाला आत जाता येईल. तर म्हणाले, कोंबडी काय सहा फुटांची असते का? दार उंच करायचं म्हणजे आपल्याला वाकता येत नाही हे स्वतःच्या हाताने कागदावर लिहिणं... ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

काम शफीकभाईंना दिलं. अशोका गार्डन भागात त्यांचं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी कामाचं दुकान आहे, पण त्याआधी वीस वर्षं ते त्याच कारखान्यात वेल्डर होते, बाबांच्या ड्रॉइंगवर काम करायचे. ड्रॉइंगपेक्षा एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बाबा काम परत पाठवायचे आणि कुणी स्वतःचं डोकं चालवलं तर त्याची काही खैर नसायची. हे शफीकभाईच आम्हाला कौतुकाने सांगतात.

ते जागा बघायला आले होते तेव्हा बाबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. बाबांनी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठेपर्यंत शफीकभाईंनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि पत्रा कुठल्या जाडीचा घ्यायचा ते विचारू लागले. जणू काही झालंच नाही.

तर रविवार... खुराडं परसात नेऊन ठेवलं आणि बाबांनी टेप लावला. दार सतराशे भरलं. टेप परत लावला, तरी सतराशेच.

"शफीक, ड्रॉइंग में क्या लिखा है?"

शफीकभाईंनी खिशातून कागद काढला, लांब धरून बघितला. "ग़लती हो गई साब. एक को सात पढ़ लिया. अब चश्मा बदलवाना पड़ेगा." मग म्हणाले, परवा येऊन जास्तीचं कापून देतो, तोवर कोंबड्यांना राहू द्या आत.

तो कागद त्यांनी माझ्याकडे दिला. बाबांचं अक्षर छापल्यासारखं आहे. अकराशे म्हणजे स्वच्छ अकराशेच होतं, त्यात कुणालाही सात दिसला नसता. आणि दाराच्या आत, बरोबर हाताच्या उंचीवर, धरायला पाइपचा एक दांडा वेल्ड केलेला होता. तो तर ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता...

मी कागदाची घडी घातली. शफीकभाई गाडी काढायला गेले. बाबा कितीतरी वेळ त्या दांड्याकडे बघत होते. मग त्यांनी तो धरला आणि न वाकता, ताठ, आत गेले. पिवळी परसातून धावत त्यांच्यामागे आत गेली. बाबा आतून ओरडले, "दाणे आण गं." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

परवा शफीकभाई आले, पण कापायला काही मिळालं नाही. बाबांनी ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवलं. कारखान्यात बनलेली वस्तू मान्य झाली की कागद तिच्याप्रमाणे सुधारतात म्हणे, त्यासाठी कोपऱ्यात छोटा तक्ता असतो. बाबांनी अकराशे खोडून सतराशे केलं होतं. आतला दांडाही कागदावर रेखाटला होता, मापासकट. आणि तक्त्यात कारणाच्या रकान्यात, त्याच छापील अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं... चूक ड्रॉइंग काढणाऱ्याची. खाली सही.

शफीकभाईंनी ते वाचलं. चष्मा न लावता, हात लांब न करता, एका दमात वाचलं. मग दोघांनी चहा घेतला आणि पत्र्याच्या जाडीवर बोलत बसले.

शफीकभाईंना मराठी येत नाही, त्यामुळे ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तरी सांगते... शफीकभाई, चष्मा बदलू नका.