भट्टीची पहिली वीट

कुंडमकडून मी जबलपुरात आलो तो पुढे नागपूरला जायचे म्हणून. चेरीतालला ओळखीच्या घरी जेवलो, जरा पाय मोकळे करायला निघालो आणि कौलांच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबलो. तिथे उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारले, “काय पाहून राहिला?”

“धूर,” मी म्हणालो.

“धूर बाहेरून काहून पाहतो? आत ये.”

ते गृहस्थ म्हणजे कारखान्याचे मॅनेजर श्री. वामनरावजी पिंपळखुटे. मी आत गेलो तो अजून आतच आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तेही सलग नाही, आणि एका जागी टिकणे माझ्या स्वभावात नाही. तरी वामनरावजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मी लिहावे असे मंडळींचे म्हणणे पडले, म्हणून लिहितो.

वामनरावजी येण्याआधी भट्टी कधी उघडायची हे कचेरीत ठरत असे. त्यांनी तो अधिकार भट्टी पेटवणाऱ्याला दिला. भट्टीचे तोंड विटांनी बंद केलेले असते. त्यातली पहिली वीट त्यानेच काढायची. मॅनेजरने नाही, मालकानेही नाही. साच्यात कौले पाडणाऱ्या सांचेवाल्यांनाही त्यांनी सांगून ठेवले की माती वाईट वाटली तर फेकून द्या, विचारायला येऊ नका. मला ताप आला होता तेव्हा त्यांच्या घरून रोज पेज येत असे. ते स्वतः येऊन बसत, पनागरच्या मटाराच्या गोष्टी सांगत. (यंदा मटार चांगला आहे, पण ते असो.) “कामावर केव्हा येऊ?” विचारले तर म्हणत, “अंग तुझं आहे. तूच सांग.”

हे सगळे ऐकायला बरे वाटते. पण त्याची परीक्षा हरिलालच्या वेळी झाली.

हरिलाल आमचा भट्टीवाला. त्या दिवशी कौले न्यायला पनागरच्या बैलगाड्या सकाळीच फाटकाशी येऊन लागल्या होत्या. गाडीवाले ओट्यावर बसून त्याला टोचत होते. “काय भैया, भट्टी है कि दुल्हन? मुँह कब दिखाएगी?” दुपारपर्यंत हरिलालने ऐकून घेतले. मग रागाने उठला, पहिली वीट ओढली आणि पाठोपाठ सगळे तोंड मोकळे केले. थंड वारा अजून तापलेल्या भट्टीत शिरला. क्षणभर काही नाही, मग आतून तडतड आवाज यायला लागला. सगळी कौले तडकली. गाड्या रिकाम्या परत गेल्या.

संध्याकाळी कारखान्याचे मालक शेठजी आले. हरिलाल खाली मान घालून उभा. घरी लहान पोरे, आणि भट्टीशिवाय दुसरे काम त्याला येत नव्हते.

“और दो अधिकार!” शेठजी वामनरावजींना म्हणाले. “याला आजच काढा. उद्यापासून कचेरी ठरवेल.”

वामनरावजी म्हणाले, “शेठजी, पुढची भट्टीही हरिलालच उघडेल. ते मंजूर नसेल तर आधी मला मोकळं करा.”

“चूक त्याची अन् जाता तुम्ही?”

“चूक त्याची आहेच. पण माझी मोठी आहे. भट्टी उघडायचं त्याच्या हाती दिलं अन् गाड्या मी बोलावून ठेवल्या. लोक दारात उभे करून माणसाला म्हणायचं, ठरव बाबा तूच! हे कोणतं ठरवणं?”

शेठजी टांग्याकडे वळले. मग “चलो, एक बार और,” एवढे म्हणून टांग्यात बसले.

पुढची भट्टी निवली तेव्हा हरिलालच विटेला हात लावीना. “बाबूजी, आप ही निकाल दो,” म्हणायचा. वामनरावजी त्याच्या शेजारी ओट्यावर बसून राहिले, तंबाखू मळली, पण विटेकडे गेले नाहीत. शेवटी हरिलाल उठला. ती कौले चांगली निघाली. तेव्हापासून गाड्यांना निरोपही भट्टीवरूनच जातो, आणि शेठजींनी परत तो विषय काढला नाही. मी इतका भटकलो, पण आपण दिलेला अधिकार दुसऱ्याच्या चुकीनंतरही त्याच्याच हाती ठेवणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आता साठीच्या सत्काराचे. शेठजींनी येता रविवार ठरवला होता. वामनरावजी म्हणाले, “भट्टी पेटली आहे. माणसं केव्हा मोकळी होतील ते हरिलालला विचारा.” शेठजी स्वतः भट्टीवर गेले. मी तिथेच होतो.

“अभी नहीं, शेठजी,” हरिलाल म्हणाला. “अंदर गरम है.”

शेठजींनी मान हलवली आणि रविवार रद्द केला. त्यामुळेच मला हा लेख पुरा करायला वेळ मिळाला.

वामनरावजींना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या पंचाहत्तरीलाही आम्ही असेच जमू. मीही असेन, बहुधा. दिवस मात्र भट्टी निवल्यावर, हरिलाल सांगेल तो.